रेकॉर्डचं बटण

‘होम व्हिडिओ’ हा शब्द आपल्या जळगाव-धुळ्याच्या बाबतीत मला थोडा खोटाच वाटतो. व्हीसीआर आपल्याकडे घरात कमी आणि गल्लीत जास्त आला. वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, पहाटेपर्यंत तीन पिक्चर बघायचे. नाहीतर व्हिडिओ पार्लर होतंच.

या यंत्राचा इतिहास आपण एकाच अंगाने सांगतो: थिएटरं ओस पडली, चोरट्या कॅसेटी आल्या. ते खोटं नाही. १९८४ साली भारताने कॉपीराइट कायदा बदलून व्हिडिओ चोरीची शिक्षा वाढवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मात्र ५ विरुद्ध ४ मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला: टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघायला घरी टेप करणं हा कॉपीराइटचा भंग नाही. गंमत बघा, ज्या हॉलिवूडने खटला भरला, त्यानेच पुढे कॅसेटी विकून भरपूर कमावलं.

पण व्हीसीआरला प्लेसोबत रेकॉर्डचंही बटण होतं. त्या बटणाने काय केलं, ते बघायला धुळ्याहून आग्रा रोडने पन्नासेक किलोमीटर जायचं, मालेगावला. तिथे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे. लग्नाचं शूटिंग करायच्या कॅमेऱ्यावर त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. ट्रॉली नाही, तर सायकल घेतली. पुढे यंत्रमाग कामगार शफीक शेख त्यांचा सुपरमॅन झाला. फैझा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला.

कागतींचा चित्रपट मला आवडला. पण एक तक्रार आहे. त्यात कॅसेटींची जोडाजोड दिसते, पार्लरवरची धाडही दिसते. तरी सगळा भार शेवटी मैत्री आणि स्वप्नांवर जातो. अहो, स्वप्नं बघणारी पोरं मालेगावात आधी नव्हती का? नवीन काय आलं होतं? रिवाइंड! थिएटरात सीन गेला की गेला. पार्लरवाला तोच सीन शंभरदा बघतो. कट कुठे पडला, हे त्याला आपोआप कळायला लागतं. दोन व्हीसीआर जोडले की एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, झालं एडिटिंग. मधला शॉट बदलायचा तर पुढचं सगळं परत करायचं, आणि प्रत्येक नकलेत चित्र फिकं होणार. पण मुंबईची लॅब नको, फिल्मचा खर्च नको. ही शाळा होती, आणि सिनेमाने ती नुसती पार्श्वभूमी करून टाकली.

ही शाळा भाबडीही नव्हती. ज्या बटणाने नासिरना निर्माता केलं, त्याच बटणाने त्यांच्या सिनेमाची नक्कल दुसरा कोणीही काढू शकत होता.

आता आपल्या कपाटांकडे बघा. लग्नाच्या त्या कॅसेटींमध्ये आजीची अहिराणी हळदीची गाणी आहेत, कानबाईची मिरवणूक आहे. नटनट्यांचे पिक्चर कुठे ना कुठे सापडतील. हे दुसरीकडे नाही. टेपला बुरशी लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

म्हणून विनंती: ज्यांच्याकडे चालू व्हीसीआर आहे, त्यांनी व्याख्यानानंतर जरा थांबा. ज्यांच्याकडे कॅसेटी आहेत, त्यांनीही. आता प्रश्न घेऊ या.