वकिलाची निष्ठा, राजदूताची मर्यादा : वू तिंगफांग यांच्या अमेरिकाविषयक ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक :
वू तिंगफांग (१८४२-१९२२) यांचा जन्म ब्रिटिश अमलाखालील सामुद्रधुनी वसाहतींत एका चिनी कुटुंबात झाला. हाँगकाँगमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरची सनद मिळविली. १८८० मध्ये ते हाँगकाँग विधिमंडळाचे पहिले चिनी सदस्य झाले. पुढे ली हुंगचांग यांचे कायदेविषयक सल्लागार आणि दोन वेळा अमेरिकेतील चीनचे राजदूत अशी त्यांची वाटचाल झाली. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'अमेरिका थ्रू द स्पेक्टॅकल्स ऑफ अ‍ॅन ओरिएंटल डिप्लोमॅट' या इंग्रजी ग्रंथाची चर्चा बहुधा प्रवासवर्णन म्हणून होते. तो एका वकिलाचा युक्तिवाद म्हणून वाचणे अधिक उचित ठरते.

विवेचन :
१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती. परकीयांना हद्दपार करणे हा राष्ट्राचा अंगभूत अधिकार होय, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये दिला. न्यायालयाचा मार्ग असा खुंटल्यावर वू यांच्यासमोर एकच न्यायासन उरले, ते लोकमताचे. ग्रंथातील मिस्कील शैलीचे मूळ येथे आहे. मेजवान्या, पोशाख, शिष्टाचार यांवर हसतखेळत लिहिताना ते अमेरिकी समतेला तिच्याच मापाने मोजतात. मात्र या युक्तिवादाला मर्यादाही आहे. ज्याच्यावर बंदीचा खरा घाव बसला, त्या मजुराचे जगणे ग्रंथाच्या केंद्रस्थानी येत नाही. केंद्रस्थानी राहते ती राष्ट्राची प्रतिष्ठा. बंदी १९०२ मध्ये वाढविण्यात आली, १९०४ मध्ये बेमुदत झाली आणि १९४३ मध्येच उठली.

तथापि यावरून वू यांची कायदानिष्ठा भाबडी ठरत नाही. शेन जियाबेन यांच्यासह त्यांनी केलेल्या दंडविधानाच्या सुधारणेतून १९०५ मध्ये देहाचे तुकडे करून मारण्याची शिक्षा रद्द झाली. १९१७ मध्ये हंगामी पंतप्रधान असताना संसद बरखास्तीच्या आदेशावर प्रतिस्वाक्षरी करण्यास त्यांनी नकार दिला. संसद वाचली नाही. परंतु त्या आदेशाला त्यांची संमती मिळाली नाही.

निष्कर्ष :
हाती अधिकार असता वू यांनी कायदा बदलला किंवा राखला. तो नसता विनोदाचा आश्रय घेतला. सत्तेच्या पाठबळाविना न्याय मागणाऱ्या राष्ट्राची अगतिकता या विनोदामागे आहे. ती ध्यानी घेतल्यासच ग्रंथाचे खरे मोल उमगते.