वितक्कसण्ठान सुत्त आणि मनोनिग्रहाचा प्रश्न

वेदना, भावना आणि संस्कार या तीन शब्दांनी पालीकडे वळणाऱ्या मराठी वाचकाची मोठी दिशाभूल केली आहे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत ती सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली अशी कोणतीही अनुभूती असू शकते. मराठीत भावना म्हणजे राग, लोभ, भय. पालीत भावना म्हणजे मनाची मशागत, प्रयत्नपूर्वक केलेली वाढ. परिणामी ‘मेत्ता भावना’ हे शब्द कानी पडताच आपला उपासक अंतःकरणात प्रेमाचा उमाळा शोधू लागतो आणि तो न सापडल्यास स्वतःलाच दोष देतो. (संस्काराची कथा निराळी, तिला स्वतंत्र लेखच हवा.)

ही गल्लत केवळ भाषिक नाही. मानसिक आरोग्याविषयी बौद्ध दृष्टीने जे लेखन आपल्याकडे होते, त्यात राग गिळला की मन शांत होते असा आशय वारंवार आढळतो. त्याला आधार म्हणून मज्झिमनिकायातील विसाव्या, म्हणजे वितक्कसण्ठान सुत्ताचा हवाला दिला जातो. तो कितपत टिकतो हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

या सुत्तात अकुशल विचारांवर पाच उपाय सांगितले आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय पर्यायी, कुशल विषयाकडे चित्त वळविण्याचा; कुशल सुतार बारीक पाचरीने जाड पाचर ठोकून काढतो, तसा. दुसरा त्या विचारातील दोष पाहण्याचा. येथे नटण्याची हौस असलेल्या तरुण-तरुणीच्या गळ्यात सापाचे किंवा कुत्र्याचे प्रेत अडकविल्याचा दाखला आहे. तिसरा दुर्लक्षाचा. चौथा मला सर्वांत मोलाचा वाटतो : विचाराच्या घडणीचा वेग टप्प्याटप्प्याने उतरविणे. भरभर चालणारा मनुष्य ‘मी का धावतो आहे?’ असे स्वतःला विचारतो, हळू चालतो, मग थांबतो, बसतो, आडवा होतो. यात बळजोरी कोठेही नाही. हे चारही निष्फळ ठरले तरच पाचवा : दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला चेपणे, बलवान मनुष्य दुबळ्याला मानगूट धरून चेपतो, तसे. आपले लेखक नेमका हा शेवटचा उपाय उचलतात आणि आधीचे चार गाळतात.

याच पाचव्या उपायाचे वर्णन, जवळजवळ त्याच शब्दांत व त्याच उपमेसह, महासच्चक सुत्तात येते. तेथे ते संबोधीपूर्व खडतर तपश्चर्येचा भाग आहे. बोधिसत्त्वाच्या काखांतून घाम वाहतो, वीर्य जागृत असते, पण शरीर मात्र अशांत राहते. आणि पुढे हा सर्व मार्गच निरुपयोगी ठरवून सोडून दिला जातो. एकच कृती एका सुत्तात शिकवण आणि दुसऱ्यात त्यक्त मार्ग, ही विसंगती दडविण्यात अर्थ नाही. माझ्या मते पाचव्या उपायाला आणीबाणीपुरतेच स्थान आहे : हात उगारला गेला आहे, तो त्या क्षणी रोखायचा आहे, एवढ्यापुरते.

आधुनिक मानसशास्त्र येथे सुत्तांच्या जवळ येते. जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किळस आणणारा चित्रपट पाहताना काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्यास सांगितले. चेहरे बऱ्याच अंशी आवरले गेले. किळस मात्र कमी झाली नाही, आणि त्वचेवरील घामाच्या मापनासह शरीरातील ताणाच्या खुणा वाढल्या. (काखेतील घामाची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे.) ग्रॉस व ऑलिव्हर जॉन यांच्या 2003 सालच्या अभ्यासात नेहमी भाव दाबणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने कमी, तर प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणाऱ्यांचे अधिक आढळले. सुत्तातील दुसरा उपाय या नव्या अर्थबोधाच्या जवळचा आहे. तरीही दोहोंना एकच मानू नये : तेथे मोजले जाते ते स्वास्थ्य, येथे उद्देश आहे अकुशलाचा क्षय.

ग्रॉस यांनी 1998 साली मांडलेल्या आराखड्यात भावनेचे नियमन मनातच संपत नाही. परिस्थिती निवडणे आणि परिस्थिती बदलणे हेही त्यात मोडते. आपल्या लेखनात नेमके हेच गळते. अपमान सोसणाऱ्याला श्वासाकडे पाहावयास सांगणे आणि अपमान करणाऱ्याविषयी मौन पाळणे, ही धम्मदेशना नव्हे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. संतप्त अनुयायांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिहल्ल्यापासून रोखले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाचा मनाईहुकूम आल्यावर, हजारोंचा समुदाय जमलेला असताना, दुसरा सत्याग्रह तहकूब केला. हा राग कोणी गिळला नव्हता. तो दहा वर्षे खटल्याच्या रूपाने चालत राहिला आणि 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले. क्रोधाचे दमन आणि क्रोधाचे नियमन यांतला भेद दाखविण्यास याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. तीव्र नैराश्य किंवा भ्रम हे विकार आहेत, साधनेतील उणीव नव्हेत. अशा रुग्णाला शिबिरात बसविण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले पाहिजे. आजारी भिक्खूंना औषधे घेण्याची मुभा विनयानेही दिली आहे.

वितक्कसण्ठान सुत्ताचे मराठी भाषांतर यापुढे जो कोणी छापील, त्याने पाचव्या उपायाखाली महासच्चक सुत्ताचा निर्देश करणारी तळटीप द्यावी, आणि ‘भावना’ हा शब्द जेथे पाली अर्थाने येतो तेथे ‘विकसन’ असे सरळ म्हणावे.