आणीबाणीचा निधी आणि दीर्घकालीन ध्येय : कोविडोत्तर युरोपच्या आर्थिक व हवामान धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

कोविड-19 च्या साथीमुळे 2020 साली युरोपीय संघाची अर्थव्यवस्था सुमारे 6 टक्क्यांनी आक्रसली. तत्पूर्वी काही महिनेच, 11 डिसेंबर 2019 रोजी, युरोपीय आयोगाने 'युरोपीय हरित करार' मांडून 2050 पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचे ध्येय जाहीर केले होते. साथीच्या धक्क्याने हे ध्येय मागे पडेल, अशी शंका येणे स्वाभाविक होते. संघाने मात्र अर्थव्यवस्था सावरण्यासाठी दिलेल्या निधीलाच हवामान उद्दिष्टाची अट जोडली. या निर्णयाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे. तीन दशकांचे काम आणीबाणीपुरत्या पैशावर उभे केले, तर आणीबाणी ओसरताच त्या कामाचा आधारही डळमळतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सामायिक कर्जाचा निर्णय

तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3 टक्क्यांच्या व सार्वजनिक कर्ज 60 टक्क्यांच्या आत असावे, हे संघाचे राजकोषीय नियम मार्च 2020 मध्ये शिथिल करण्यात आले. त्यानंतर 21 जुलै 2020 रोजी 'नेक्स्ट जनरेशन ईयू' या 750 अब्ज युरोंच्या योजनेवर सहमती झाली. नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन व डेन्मार्क यांच्या विरोधामुळे अनुदानाचा वाटा 390 अब्जांवर आला. उरलेले 360 अब्ज कर्जरूपाने द्यावयाचे ठरले. त्याआधीच्या दशकातील कर्जसंकटात ग्रीसला काटकसरीच्या अटींवर कर्जे मिळाली होती. आता संघाने स्वतःच्या नावावर रोखे काढून सदस्य देशांना अनुदान दिले. हा बदल मूलगामी होता, यात शंका नाही. परंतु सदस्य देशांना द्यावयाच्या रकमांसाठी 2026 अखेरची मुदत ठरली, तर कर्जाची फेड 2058 पर्यंत चालणार आहे. खर्च सहा वर्षांचा आणि फेड तीन दशकांची, ही विसंगती योजनेच्या मुळाशीच आहे.

टक्केवारीचे मोजमाप

या योजनेच्या मुख्य निधीतून प्रत्येक देशाने किमान 37 टक्के खर्च हवामानासाठी करावा, अशी अट होती. तथापि, येथे मोजला गेला तो खर्च. उत्सर्जनात प्रत्यक्ष किती घट झाली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने 2024 च्या अहवालात हवामानविषयक खर्चाचा आकडा किमान 34.5 अब्ज युरोंनी फुगलेला असावा, असा अंदाज नोंदविला.

योजनेचा सर्वांत मोठा लाभार्थी असलेल्या इटलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. घरांची ऊर्जा-कार्यक्षमता वाढविण्यासाठी तेथे 2020 मध्ये खर्चाच्या 110 टक्के करसवलत देणारी 'सुपरबोनस' योजना आली. तिचा काही भागच युरोपीय निधीतून भागला. खर्चाहून अधिक परतावा मिळत असल्याने घरमालकाला कंत्राटदाराशी घासाघीस करण्याचे कारण उरले नाही. एकूण भार 100 अब्ज युरोंच्या पुढे गेला, 2023 मध्ये देशाची तूट 7 टक्क्यांहून अधिक झाली आणि सवलत आखडती घ्यावी लागली.

जर्मन न्यायालयाचा निकाल

आणीबाणी व दीर्घकालीन धोरण यांतील अंतर्विरोध सर्वाधिक स्पष्टपणे जर्मनीत दिसला. साथीसाठी मंजूर झालेली, पण न वापरलेली 60 अब्ज युरोंची कर्जमर्यादा तेथील सरकारने हवामान निधीकडे वळविली होती. 15 नोव्हेंबर 2023 रोजी संघराज्य घटना न्यायालयाने हे वर्गीकरण घटनाबाह्य ठरविले. आणीबाणीसाठी दिलेली कर्जाची सूट त्या आणीबाणीशी व त्या वर्षाशी निगडित असली पाहिजे, हा निकालाचा आशय होता. दोष न्यायालयाचा नव्हता. दीर्घकालीन कामासाठी रीतसर तरतूद न करता पळवाट शोधणाऱ्या धोरणाचा होता. मार्च 2025 मध्ये घटनादुरुस्ती होऊन संरक्षण खर्चाला कर्जमर्यादेतून मोठी सूट मिळाली आणि 500 अब्जांच्या पायाभूत सुविधा निधीतील 100 अब्ज हवामान निधीला देण्यात आले. याही वेळी मार्ग खुला झाला तो सुरक्षेच्या नव्या संकटामुळे.

आक्षेप आणि उत्तर

साथ आली नसती तर एवढा निधी उभाच राहिला नसता, असा आक्षेप येथे घेता येईल. तो काही अंशी ग्राह्य आहे. मात्र टिकून काय राहिले, हेही पाहावयास हवे. संघाचे निव्वळ उत्सर्जन 2023 मध्ये 1990 च्या तुलनेत सुमारे 37 टक्क्यांनी कमी होते. या घटीमागे 2005 पासून चालू असलेल्या उत्सर्जन परवाना बाजाराचा वाटा मोठा आहे. 2030 पर्यंत 55 टक्के घट बंधनकारक करणारा 2021 चा हवामान कायदाही याच जातीचा आहे. ही साधने संकटाच्या मुदतीवर अवलंबून नाहीत.

कर्जफेडीचा प्रश्न आणि भारत

सामायिक कर्ज फेडण्यासाठी आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये उत्पन्नाचे नवे स्रोत सुचविले. आयात मालावरील कार्बन सीमा आकारणीच्या उत्पन्नाचा 75 टक्के वाटा हा त्यांपैकी एक होय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदींना लागू असलेल्या या आकारणीचा अंमल 1 जानेवारी 2026 पासून सुरू झाला. भारतीय पोलाद व ॲल्युमिनियम यांच्या निर्यातीला तिची झळ पोहोचते. उत्सर्जन रोखण्याच्या हेतूने आणलेले साधन कर्जफेडीचेही साधन होऊ लागले, तर त्याच्या हेतूविषयी भारतासारख्या देशांनी शंका घेणे अप्रस्तुत ठरत नाही. युरोपच्या आणीबाणीचे ओझे, काही अंशी का होईना, त्या निर्णयात सहभागी नसलेल्यांवर पडण्याचा हा संभव आहे.

निष्कर्ष

संकटकाळात आर्थिक व हवामान धोरणांची सांगड घालणे शक्य आहे, हे युरोपने दाखवून दिले. ती सांगड टिकविण्यासाठी मात्र नियमित करउत्पन्न, खर्चाऐवजी परिणामांचे मोजमाप आणि भार कोणी उचलावयाचा याचा उघड निर्णय आवश्यक आहे. सुधारित राजकोषीय नियम एप्रिल 2024 पासून अमलात आले असून 2026 नंतर पुनरुत्थान निधीचा ओघ थांबावयाचा आहे. हरित कराराची खरी परीक्षा त्यानंतर होईल.