निरुपयोगी कोणी ठरवले? : फेअरबँक यांच्या निबंधाचे पुनर्वाचन

मोजपात्रातील पाण्याची पातळी वाचताना आपण विद्यार्थ्यांना वक्र पृष्ठभागाचा तळ पाहायला सांगतो. या वक्र पृष्ठभागाला मेनिस्कस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चंद्रकोर. हेच नाव गुडघ्यातील दोन कूर्चांनाही आहे. मांडीच्या हाडाचे खालचे टोक गोलसर, तर नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. या दोहोंच्या मध्ये, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक, अशा या चंद्रकोरी पाचरीसारख्या बसलेल्या असतात. कबड्डी खेळताना पाय रोवलेला असतानाच शरीराला पीळ बसला, तर त्या फाटू शकतात. मग गुडघा सुजतो, कधी मध्येच अडकतो.

फाटलेल्या कूर्चेचे काय करायचे? विसाव्या शतकातील कित्येक दशके याचे प्रचलित उत्तर होते, ‘काढून टाका’. या उत्तराला महत्त्वाचा आक्षेप घेतला तो टी. जे. फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदांनी, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या निबंधात. आज तो वाचताना त्याचे गुण तर शिकवण्याजोगे वाटतातच, पण त्याच्या वाचकांची चूकही तितकीच शिकवण्याजोगी वाटते.

आधी पार्श्वभूमी पाहू. एडिंबरोचे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्येच सुटलेली कूर्चा टाके घालून जागेवर बसवली होती. पण १८९७ मध्ये जॉन ब्लँड-सटन यांनी आपल्या ग्रंथात या कूर्चा म्हणजे पायाच्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले. एकदा ‘अवशेष’ हा शिक्का बसल्यावर दुरुस्तीची खटपट कोण करणार? पुढे आयन स्माइली यांच्या १९४६ च्या प्रभावी ग्रंथाने संपूर्ण कूर्चा काढण्याचा पुरस्कार केला. कडेपासून पूर्ण काढली तर तिच्या जागी नवी कूर्चा उगवते, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तिथे काहीसे तंतुमय ऊतक वाढते हे खरे. पण ते मूळ कूर्चेचे काम करते का, हा प्रश्न बाजूला राहिला.

फेअरबँक यांनी काय केले? कूर्चा काढलेल्या १०७ गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासली. शस्त्रक्रियेला कुठे तीन महिने झाले होते, तर कुठे चौदा वर्षे. त्यांना तीन प्रकारचे बदल आढळले : मांडीच्या हाडाच्या कडेला आलेला उंचवटा, त्याच्या गोलाईला आलेला सपाटपणा आणि दोन हाडांमधील कमी झालेले अंतर. कूर्चा भार वाहत होती, ती गेल्यावर तो भार हाडांच्या पृष्ठभागावर पडला, असे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. आठवी-नववीचा विद्यार्थीही हे समजू शकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. गोल आणि सपाट पृष्ठभागांमधील पाचर काढली की स्पर्शाचे क्षेत्रफळ घटते. बल तेच राहते, म्हणून दाब वाढतो.

निबंधाचा मोठा गुण म्हणजे त्याचा संयम. ही शस्त्रक्रिया पूर्णपणे निरुपद्रवी नाही, एवढेच ते ठामपणे म्हणतात. सांध्याची झीज पुढे लवकर होण्याची शक्यता ते नोंदवतात; पण हे बदल आणि उतारवयातील संधिवात यांचा संबंध अजून सिद्ध झालेला नाही, हेही स्वतःच सांगून टाकतात.

उणिवाही आहेत. कूर्चा फाटली, पण काढली नाही, अशा रुग्णांचा गट तुलनेसाठी घेतलेला नाही. त्यामुळे बदल दुखापतीने झाले की शस्त्रक्रियेने, हे काटेकोरपणे वेगळे करता येत नाही. शिवाय चित्रात दिसणारा बदल म्हणजे रुग्णाला होणारी वेदना नव्हे.

पण माझी खरी तक्रार निबंधाविषयी नाही, त्याच्या वाचकांविषयी आहे. लेखकाच्या प्रामाणिक ‘अजून सिद्ध नाही’चा अर्थ ‘काळजीचे कारण नाही’ असा घेतला गेला, आणि कूर्चा काढणे पुढेही बराच काळ चालूच राहिले. अपाय सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर टाकली गेली. अवयव निरुपयोगी असल्याचा पुरावा मात्र कोणी मागितला नाही! याला मानवी कारणही होते. शस्त्रक्रियेचा आराम काही आठवड्यांत दिसे. नुकसान दिसायला वर्षे लागत.

दुरुस्तीचा पाया वेगळ्याच प्रयोगांनी घातला. डॉन किंग यांनी १९३६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले होते, की कूर्चेच्या आतल्या भागापुरती मर्यादित चीर भरून येत नाही, पण बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेली चीर भरून येऊ शकते. याचे कारण रक्तपुरवठा. अर्नोच्की आणि वॉरेन यांनी १९८२ मध्ये मानवी कूर्चेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. त्या ढोबळमानाने बाहेरच्या पाव भागातच आढळल्या. म्हणून कडेजवळची चीर शिवण्याचा प्रयत्न करतात. आतली चीर शिवून भरण्याची खात्री कमी. १९६९ मध्ये टोकियोत हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून टाके घातले आणि हा मार्ग अधिक खुला झाला.

मात्र लंबक आता दुसऱ्या टोकाला नेऊ नये. शिवलेली प्रत्येक कूर्चा जुळत नाही. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि बरे व्हायला महिने जातात. फेअरबँक यांच्या निबंधात नसलेली तुलना कशी करावी, याचा नमुना २०१३ मध्ये फिनलंडमधील एका चाचणीने दिला. १४६ रुग्णांपैकी काहींची झिजून फाटलेली कूर्चा छाटली, तर इतरांवर शस्त्रक्रियेचा केवळ आभास निर्माण केला. वर्षभराने दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक नव्हता. पण हे रुग्ण ३५ ते ६५ वयाचे होते आणि तपासले ते छाटणे, शिवणे नव्हे. मैदानावर गुडघा पिळवटलेल्या मुलाला हा निष्कर्ष लावणे म्हणजे १९४८ च्या वाचकांचीच चूक उलट दिशेने करणे होय.

अवशेषांगांचा धडा शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. ‘याचा उपयोग नाही’ आणि ‘याचा उपयोग आम्हांला ठाऊक नाही’ या दोन वाक्यांत फरक काय? गुडघ्यातील चंद्रकोरीच्या बाबतीत तो फरक लक्षात यायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला, आणि त्याची किंमत रुग्णांच्या सांध्यांनी मोजली.