चर्चच्या पायाखाली आणि कागदांच्या पोटात

गोमंतकातील देवस्थानांच्या इतिहासाविषयी लिहावयाचे म्हटले, की आमच्याकडील लेखकांची लेखणी एका विधानापाशी हमखास येऊन पोचते : आज जेथे चर्च उभे आहे, तेथे पूर्वी आमचे देवालय होते. हे विधान पुष्कळ ठिकाणी खरे आहे. परंतु जे पुष्कळ ठिकाणी खरे, ते सर्वत्र खरे मानून देवस्थानांच्या स्मरणिका भरण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

या विषयावरील ग्रंथांत रुई गोमीश पेरेरा यांच्या ‘गोवा : हिंदू टेंपल्स अँड डीटीज’ (१९७८) या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे. प्रियोळकरांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ने (१९६१) वाचकाचे मन हलविले, पेरेरांनी मात्र गावागणिक याद्या दिल्या. १५६७ च्या सुमाराच्या फोरालांत, म्हणजे पोर्तुगीजांनी केलेल्या जमीन-उत्पन्नाच्या नोंदींत, कोणत्या गावी कोणती दैवते होती आणि त्यांच्या नावे कोणत्या जमिनी चालत होत्या, हे त्यांनी एकत्र केले. जी पुस्ती देवळांची मालमत्ता काढून घेण्यासाठी लिहिली गेली, तीच आज त्या देवळांच्या अस्तित्वाची सर्वांत भक्कम साक्ष ठरावी, हा काळाने उगविलेला सूडच म्हणावयाचा! ख्रिस्ती समाजातील एका अभ्यासकाने हे काम इतक्या निर्विकार चोखपणे करावे, याबद्दल आमच्या महाजनांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तथापि ग्रंथाची मर्यादाही याच जागी आहे. फोराल शेताचे उत्पन्न सांगतो. देवळाचा पाया सांगत नाही. गावात देवालय होते हे कागदाने सिद्ध होते. ते नेमके आजच्या वेदीखाली होते, की शेजारच्या कुळागरात, हे सिद्ध होत नाही. पेरेरा हा भेद बहुधा सांभाळतात. त्यांच्या आधारे लिहिणारे सांभाळत नाहीत.

मग जमीन काय सांगते? दिवाडी बेटावर, पिएदाद येथील टेकडीवरच्या चर्चला लागून असलेल्या दफनभूमीत एक लहान कपेल आहे. त्याचे छत कदंबकालीन देवळाचे. कोरीव दगड जसाच्या तसा वर, आणि खाली ख्रिस्ती मृतांची विश्रांती. येथे वादाला जागाच नाही. मान वर केली की पुरे. चांदरची गोष्ट निराळी. शिरोड्याच्या ताम्रपटात भोज राजा देवराज ज्या चंद्रपुरातून शासन देतो, ते हे गाव. फादर हेन्री हेरास या जेझुइट संशोधकाने १९२९ साली येथे शोध घेतला. मस्तकहीन नंदी आजही तेथे बसून आहे, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात विटांच्या देवालयाचा तळ उघडा पडला. गोमंतकातील प्राचीन देवळाचे हे दर्शन घडले ते चर्चच्या खाली नव्हे, उघड्या माळावर. आणि त्याचा पहिला शोध घेणारा एक पाद्री. ज्यांना इतिहास दोन रंगांतच दिसतो, त्यांची येथे पंचाईत होते.

रोममध्ये सान क्लेमेंते नावाचे चर्च आहे. १८५७ साली तेथील पाद्री फादर मुलूली यांनी स्वतःच्याच चर्चखाली खणावयास आरंभ केला. बाराव्या शतकातील वास्तूखाली चौथ्या शतकातील चर्च निघाले, आणि त्याच्याही खाली मित्र या दैवताचे पूजास्थान. आज यात्रेकरू तिकीट काढून तिन्ही थर उतरून जातात. तेथे उपासक उरलेले नाहीत, म्हणून हे सोपे झाले, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. आमचा मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. त्यांचे कुळावी आजही हयात आहेत आणि पालखीबरोबर चालत आहेत. आमच्याकडे कुदळ मारण्याआधी विश्वास मिळवावा लागेल, आणि प्रत्येक चर्चवर दावा सांगत सुटणाऱ्यांना तो मिळणार नाही. सांकवाळ येथील जुन्या चर्चच्या उरलेल्या दर्शनी भिंतीवरून अलीकडे जो वाद झाला, त्यात घोषणा फार झाल्या. मोजमाप झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

येथे सुरतेची आठवण होते. १६६४ साली शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचीन पाद्री आंब्रोज यांच्या मठास त्यांनी हात लावला नाही, असे बर्निए हा फ्रेंच प्रवासी लिहितो. चारच वर्षांनी, शके १५९० मध्ये, महाराजांनी सप्तकोटीश्वराचे देवालय पुन्हा उभारविले. मूळ स्थान दिवाडीवर, पोर्तुगीजांच्या मुलखात. नवे देऊळ नदीपलीकडे, डिचोलीच्या हद्दीत. दोन्ही प्रसंगांच्या मध्ये, १६६७ मध्ये, बारदेशची स्वारी आहे आणि तीत पाद्री मारले गेले, असे पोर्तुगीज कागद सांगतात. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु देवाला पुन्हा प्रतिष्ठा देण्यास मूळ जागा हाती असावीच लागते असे नाही, हे नार्व्याच्या देवळाने दाखविले. २०२३ साली त्याचा जीर्णोद्धार झाला तो जुनी वास्तू राखून, हे विशेष.

हे विशेष म्हणण्याचे कारण अंत्रुज महालात जागोजागी दिसते. निर्वासित देवांसाठी आमच्या पूर्वजांनी तेथे जी देवळे बांधली, ती स्वतःच आता पुराणवस्तू आहेत : लाकडी कोरीव खांब, कावी कलेच्या भिंती, मातीच्या कौलांची उतरती छपरे. त्यांतील किती सभामंडप जीर्णोद्धाराच्या नावाखाली संगमरवर आणि सिमेंट यांनी गिळले, याची यादी कोणी केलेली नाही. सोळाव्या शतकात पाडलेल्या देवळांची यादी निदान पाडणाऱ्यांनी तरी ठेवली. आम्ही पाडलेल्यांची कोण ठेवणार? देवस्थान समित्यांनी पुढचा ठराव करण्यापूर्वी जुन्या मंडपाची चार छायाचित्रे आणि एक नकाशा तरी दप्तरी जमा करावा.