'गार' या अव्ययाचे स्थान आणि मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट

सिनाई व व्हॅटिकन या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत मार्ककृत शुभवर्तमान १६:८ येथे 'गार' (कारण) या ग्रीक अव्ययाने संपते. ग्रंथ असा संपणे अशक्य, सबब मूळ शेवट हरवला असावा, असे काही अभ्यासकांनी मानले. हा युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या टिकत नाही. 'गार' वाक्यारंभी येत नाही. सामान्यतः ते दुसरे पद असते. त्यामुळे दोन पदांच्या वाक्यात ते अखेरीसच येणार. 'उत्पत्ती' १८:१५ च्या प्राचीन ग्रीक भाषांतरात साराच्या भयाविषयीचे वाक्य असेच संपते; प्लॉटिनसचा एक संपूर्ण प्रबंधही. मराठीत 'कारण' वाक्यारंभी येत असल्याने भाषांतरात हा प्रश्न दिसतच नाही. शेवट हरवला असेलही. मात्र त्याचा पुरावा आशयात शोधावा लागेल, या अव्ययात नव्हे.