जिन्यावर उभे असताना

युजी होरी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (१९८६) नायक जिन्यावर पोचतो, तरी उतरत नाही. आधी यादी उघडून ‘जिना’ हा पर्याय निवडावा लागतो. मला यात निव्वळ गैरसोय नव्हे, जुन्या सवयीचा अवशेष दिसतो. होरींच्या ‘पोर्तोपिया’ या रहस्यखेळात १९८३मध्ये आज्ञा टंकाव्या लागत. १९८५च्या फॅमिकॉम आवृत्तीत खेळाडूच्या हाती कळफलक नव्हता, म्हणून त्यांची यादी झाली. तीच रीत पुढे आली. त्यातला ‘शोध’ हा पर्याय खेळाडूच्या मनातली शंका बोलून दाखवतो. ‘जिना’ मात्र पावलांनी आधीच सांगितलेले पुन्हा वदवून घेतो. १९८७च्या दुसऱ्या भागात तो गळला, खेळाचे काहीच अडले नाही. जो काढल्याने एकही निर्णय कमी होत नाही, त्याला पर्याय का म्हणावे?